परदेशात नोकरी, मतदारयादी गावाकडे: या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की दुबई-दोहाच्या मराठी ग्रुपांवर हमखास विचारणा होते: ऑनलाइन मत कुठे द्यायचं? कुठेच नाही. २०११पासून परदेशस्थ भारतीय नागरिकांना मतदारयादीत नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर यावं लागतं. पोस्टाची सोय आहे ती सैनिकांसाठी आणि वकिलातीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढच्या वर्षी बारगळलं. २०२४च्या लोकसभेला १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते; त्यांपैकी मत दिलं २,९५८ जणांनी, तेही बहुतेक केरळचे. तिकिटाचा खर्च ज्याचा त्याने करायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार!

तरीही यायचं ठरवलं असेल, तर आधी पासपोर्टचं शेवटचं पान उघडा. तिथे भारतातला जो पत्ता छापलाय, त्याच मतदारसंघात तुमचं नाव लागतं. डोंबिवलीचा फ्लॅट विकून आईवडील पुण्याला गेले, पासपोर्टवर मात्र डोंबिवलीच राहिली, तर अर्ज पुण्यात चालणार नाही. शिवाय पडताळणीला बीएलओ, म्हणजे त्या भागाची मतदारयादी सांभाळणारा अधिकारी, त्या जुन्या दारात जाऊन उभा राहणार. तिथे कुणी नातेवाईक भेटला नाही, तर कागद तपासणीसाठी तुम्ही राहता त्या देशातल्या भारतीय वकिलातीकडे जातात आणि वेळ हातचा निघून जातो. तेव्हा आधी पत्ता बदलून घ्या, मग अर्ज करा.

अर्ज फॉर्म ६एचा. सवयीने फॉर्म ६ भरणारे पुष्कळ. तो इथे राहणाऱ्यांसाठी आहे. सोबत फोटो, पासपोर्टच्या पानांची आणि वैध व्हिसाच्या शिक्क्याची स्वसाक्षांकित प्रत लागते. जुनं मतदार ओळखपत्र असेल तर ते परत करायचं. ‘असू दे, उपयोगी पडेल’ म्हणून ते जपून ठेवू नका. परदेशस्थ मतदाराला ओळखपत्र मिळत नाही; केंद्रावर मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो, झेरॉक्स चालत नाही. यादीत घरच्यांच्या नावांजवळ आपलं नाव दिसलं नाही म्हणून गोंधळू नका. परदेशस्थ मतदारांची नावं त्या भागाच्या यादीत अगदी शेवटी, वेगळ्या विभागात असतात.

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की हा हक्क संपतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत देता येत नाही. गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला गेलेल्यांनाही हेच लागू. गावच्या यादीत नाव चुकून राहिलं असेल, तरी सुट्टीत आल्यावर ‘जाता जाता’ मत देऊन येऊ नका. नाव कमी करून घ्या.

आणि कायमचे परत आलात, तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याला कळवून सामान्य मतदार म्हणून नव्याने नोंदणी करा. हे काम निवडणूक जाहीर होईपर्यंत लांबवू नका, कारण उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादीत भर पडत नाही.