पान भरून घेऊ नका, चिठ्ठी लिहू द्या

माझी लेक पाच वर्षांची असताना वही दिसली की टेबलाखाली जाऊन बसायची. मी तिच्याकडून रोज एकेका अक्षराचं पान भरून घेत होते. तिसऱ्या ओळीपर्यंत पेन्सिल इतकी आवळलेली असायची की बोटांची पेरं पांढरी पडायची. मला वाटायचं, कंटाळा करतेय. तिचा हात दुखत होता.

मनगटात 8 छोटी हाडं असतात. लहानपणी तिथे बरीचशी कूर्चाच (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) असते, ती वर्षानुवर्षं हळूहळू टणक होते. पाचव्या वर्षी हे काम अर्धवटच असतं. त्यामुळे आधी हात तयार करा. मातीचे गोळे वळणं, मणी ओवणं, कपड्यांचे चिमटे लावणं, कात्रीने कागद कापणं, हे सगळं लिहिण्याच्याच वाटेवरचं आहे. लांब पेन्सिलीऐवजी बोटाच्या पेराएवढा खडूचा तुकडा द्या. तो मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. कागद भिंतीवर, मुलाच्या डोळ्यांसमोर चिकटवला तर मनगटही आपोआप नीट वळतं.

बसून लिहिताना पाय लोंबकळत असतील तर खाली खोकं ठेवा. मूल डावखुरं असेल तर कागद थोडा डावीकडे सरकवून त्याचा वरचा भाग उजवीकडे कलता ठेवा. हात बदलायला मात्र कधीही लावू नका.

अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने शिकवायचा हट्ट मी सोडला. ‘अ’ काढायला फार अवघड. आम्ही ‘व’पासून सुरुवात केली. त्याच्या पोटात तिरपी रेघ मारली की ‘ब’, आणि उजवीकडे शेपूट काढलं की ‘क’. मग ट, ठ, ढ. शिरोरेषा सगळ्यात शेवटी.

पण लेक खरी लिहायला लागली ती चिठ्ठ्यांमुळे. दाराला एक कापडी खिसा टांगला. त्यात तिची पहिली चिठ्ठी आली: ‘आइ ये’. लाल पेन उचलावंसं वाटलं, पण मी खाली मोठ्या अक्षरांत फक्त ‘आई आली’ लिहून ती परत खिशात टाकली. दोन दिवसांनी आलेल्या चिठ्ठीत ‘ई’ दीर्घ होती. मी त्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं.

रोज पाच-दहा मिनिटं पुरतात. मूल ‘अजून लिहायचंय’ म्हणत असतानाच थांबा. लिहून झालं की, ‘यातलं तुझं आवडतं अक्षर कुठलं?’ असं विचारा आणि त्याभोवती त्यालाच गोल करू द्या. मुलं नेमकं सगळ्यात छान आलेलं अक्षर निवडतात, हे मी कितीदा पाहिलंय. सहा-सात वर्षांपर्यंत एखादं अक्षर उलटं निघालं तर घाबरू नका. सातव्या वर्षीही हात पटकन दुखत असेल, तर मात्र ऑक्युपेशनल थेरपिस्टला (लिहिण्यासारखी रोजची कामं जमायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा.

खिसा मुलाच्या हाताला येईल इतक्याच उंचीवर लावा. आणि चिठ्ठी आली की उत्तर त्याच दिवशी टाका, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.