नांदूर मधमेश्वरच्या सल्लागार समितीवर जाण्यापूर्वी: सदस्याच्या तयारीची यादी

नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्याच्या सल्लागार समितीसाठी आपल्या ग्रामपंचायतीतून किंवा संस्थेतून नाव पाठवायचे ठरले, की हारतुरे आणि अभिनंदनाचे फलक यांना वेळ लागत नाही. तयारीला मात्र वेळ लागतो, आणि ती पहिल्या बैठकीचे पत्र येण्याआधीच सुरू करावी लागते. ही यादी निफाड तालुक्यातील अशा होऊ घातलेल्या सदस्यासाठी आहे, मग तो सरपंच असो, ऊस-कांद्याचा शेतकरी असो किंवा पक्षिमित्र असो. पक्षी ओळखण्याचे धडे तिच्यात नाहीत. ते चापडगावच्या मनोऱ्यावर गावातली मुले कोणाहीपेक्षा चांगले देतात.

सर्वांत आधी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम ३३-ब मराठीतून मिळवून सावकाश वाचावे. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार समितीचे प्रमुखपद मुख्य वन्यजीव रक्षकाकडे किंवा त्याने नेमलेल्या, वनसंरक्षकापेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याकडे असते. त्या मतदारसंघाचे आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या तीन व्यक्ती, गृह आणि पशुवैद्यकीय खात्याचा प्रत्येकी एक प्रतिनिधी आणि असल्यास मानद वन्यजीव रक्षक एवढे सदस्य असतात. अभयारण्याचा प्रभारी अधिकारी सदस्य-सचिव म्हणून काम पाहतो. अभयारण्याचे संवर्धन व व्यवस्थापन अधिक चांगले कसे होईल, आणि त्यात आतल्या व आसपासच्या लोकांचा सहभाग कसा राहील, याबद्दल समितीने सल्ला द्यायचा आहे. हुकूम देण्याचा अधिकार तिला नाही, हे मनाशी पक्के करून जावे, म्हणजे पहिल्याच बैठकीत हिरमोड होत नाही. मात्र गणपूर्तीसह स्वतःची कार्यपद्धती ठरवण्याची मुभा कायद्याने समितीलाच दिली आहे. ही मुभा फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पुढच्या तयारीचा बराचसा भाग तिच्यावरच उभा आहे.

आता ही सदस्यांची यादी पुन्हा एकदा वाचावी. पशुवैद्यकीय खाते त्यात का आहे, याचे उत्तर शेजारच्या कलम ३३-अ मध्ये मिळते: अभयारण्यातील आणि त्याच्या हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आतील पाळीव जनावरांना साथीच्या रोगांविरुद्ध लस टोचण्याची जबाबदारी तिथे घातलेली आहे. गृह खाते शिकारीच्या बंदोबस्तासाठी, हेही समजण्यासारखे आहे. पण ज्या अभयारण्याचा जीवच बंधाऱ्याच्या पाण्यात आहे, त्याच्या समितीत पाणी सोडणाऱ्या खात्याला खुर्ची नाही. हा कोणाचा डाव नव्हे. कायदा करताना डोळ्यांपुढे जंगल होते, सिंचनाचा जलाशय नव्हता, एवढेच. नांदूर मधमेश्वरचा बंधारा ब्रिटिश अमदानीत गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बांधला गेला तो कालव्यांसाठी. त्यामागे पाणी पसरले, गाळ साचला, गाळाची बेटे झाली, पाणगवत वाढले आणि मग पक्षी आले. आजही वरच्या गंगापूर, दारणा आदी धरणांतून सोडलेले पाणी येथे येते आणि येथून कालव्यांना व खाली जायकवाडीकडे जाते. दारे वर किती आणि खाली किती, हे जलसंपदा खाते ठरवते. पक्ष्यांची राखण वन्यजीव विभाग करतो.

म्हणून माझ्या मते सदस्याने तयारीचा निम्मा वेळ पाण्याच्या पातळीवर घालवावा. त्यासाठी थंडी सुरू झाल्यावर एखाद्या सकाळी बांधाच्या कडेने चालत जावे आणि काठावरच्या चिखलाकडे नीट पाहावे. पाणी वीतभर उतरले, की काठाला ओल्या गाळाची पट्टी उघडी पडते आणि शेकाट्या, तुतवार, चिखल्या यांची त्या पट्टीवर गर्दी होते, कारण त्यांची चोच पोहोचते ती एवढ्याच उथळ पाण्यात आणि मऊ चिखलात. पुन्हा आवर्तनाचे, म्हणजे कालव्यांसाठी पाळीपाळीने सोडायचे, पाणी आले आणि पट्टी बुडाली, की हे पक्षी उठून जातात. मग तिथे वारकरी नावाचे काळे पाणपक्षी आणि बदके तरंगताना दिसतात आणि पाहुण्याला वाटते, पक्षी तर भरपूर आहेत! पाणी एकदम खाली गेले, तर उलटे घडते: बदकांना आसरा उरत नाही आणि काठाकाठाने मासे पकडणाऱ्यांची जाळी आत आत सरकतात. अशा फेरीत तारीख, बंधाऱ्याच्या मोजपट्टीवरची पातळी आणि कुठल्या काठाला कोणते पक्षी दिसले एवढ्या तीनच गोष्टी वहीत टिपाव्यात. एका हंगामाची अशी वही बैठकीत ठेवली, की ‘पाण्याचे नियोजन पक्ष्यांना अनुकूल व्हावे’ या गुळमुळीत वाक्याच्या जागी ‘अमुक ते अमुक महिन्यांत पातळी अमुक मर्यादेत ठेवता येईल का’ असा प्रश्न विचारता येतो.

तो प्रश्न विचारायची जागा मात्र वेगळी आहे, आणि ती ठाऊक असणे हा या तयारीचा गाभा आहे. सिंचनाची आवर्तने कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. पावसाळा संपल्यावर १५ ऑक्टोबरच्या सुमारास धरणांतील साठ्याचा हिशोब मांडला जातो. समन्यायी पाणीवाटपानुसार जायकवाडीला वरून पाणी सोडायचे की नाही, तेही याच साठ्यावर ठरते. म्हणजे एकाच पाण्यावर दोन सल्लागार समित्या आहेत, आणि त्यांची गाठ पडेलच असे नाही. सदस्याने सप्टेंबरमध्येच सदस्य-सचिवांना पत्र देऊन दोन मागण्या कराव्यात. पहिली, जलसंपदा खात्याच्या संबंधित अभियंत्याला अभयारण्य समितीच्या प्रत्येक बैठकीला निमंत्रित म्हणून बोलवावे. आणि दुसरी, समितीचा पातळीविषयीचा लेखी सल्ला कालवा सल्लागार समितीपुढे वेळेत जावा. निमंत्रितांची पद्धत कार्यपद्धतीत बसवून घेणे, ही वर सांगितलेली मुभा वापरण्याची पहिली संधी आहे. सोबत कलम २९ चा आधार द्यावा. अभयारण्यात येणारा किंवा तेथून जाणारा पाण्याचा प्रवाह परवान्याशिवाय वळवण्यास, अडवण्यास किंवा वाढवण्यास तिथे मनाई आहे. २०२२ च्या दुरुस्तीने स्थानिकांच्या पिण्याच्या व घरगुती वापराच्या पाण्याला त्यातून स्पष्टपणे सूट मिळाली आहे, तीही गावात सांगून ठेवावी, नाहीतर ‘आता हंडाही भरू देणार नाहीत’ अशी आवई उठायला वेळ लागत नाही. मात्र हे कलम सिंचन खात्यावर उगारायची काठी समजून बैठकीत नेऊ नये. खालच्या अंगाला कोपरगाव, वैजापूरकडचे शेतकरीही याच पाण्याची वाट पाहत असतात.

नकाशाची तयारी थोडक्यात सांगतो. १९८६ मध्ये अधिसूचित झालेल्या अभयारण्याचे क्षेत्र १००.१२ चौरस किलोमीटर आहे, तर २०१९ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नोंदल्या गेलेल्या पाणथळीचे क्षेत्र १,४३७ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेचौदा चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातील ही पहिली रामसर जागा, हे भाषणात सर्वांनाच आठवते. पण आपला गट नंबर या दोन हद्दींपैकी कोणत्या हद्दीत पडतो, हे विचारले की सभा गप्प होते. तलाठी कार्यालयातून गावनकाशा आणि वन्यजीव विभागाकडून हद्दीचा नकाशा घेऊन दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहावेत. आणखी एक सावधगिरी बाळगावी: २०१७ च्या पाणथळ नियमांतील पन्नास मीटरच्या आत पक्के बांधकाम नको ही तरतूद पुष्कळांना तोंडपाठ असते, परंतु वन्यजीव कायद्याखाली येणाऱ्या क्षेत्रांना ते नियम लागू नाहीत असे त्याच नियमांत म्हटले आहे. येथे वन्यजीव कायदाच बोलतो. ही चूक बैठकीत झाली, तर पुढचे बरोबर मुद्देही हलके पडतात.

पानवेलींचा, म्हणजे पाण्यावर पसरणाऱ्या जलपर्णीचा, विषय विषयपत्रिकेवर असणारच. नाशिक शहराचे सांडपाणी गोदावरीत येते. तपोवन, आगर टाकळी येथील मलजल शुद्धीकरण केंद्रांतून जे पाणी ज्या दर्जाचे बाहेर पडते ते अखेर वाहत इकडेच येते, आणि त्यातील नत्र व स्फुरद हेच पानवेलींचे खाद्य. पुरात त्यांचे ताफे सायखेड्याच्या पुलाला अडकतात, पुलामागे पाणी फुगते आणि चांदोरी-सायखेड्याच्या लोकांना घरे सोडावी लागतात. २०२७ चा सिंहस्थ जवळ आल्याने रामकुंड परिसरातील पाण्याकडे सर्वांचे लक्ष आहे. खाली निफाडकडे जाणाऱ्या पाण्याचा दर्जा कोण मोजणार, हे समितीने आत्ताच विचारलेले बरे.

यावर ‘पानवेली काढाव्यात’ असा ठराव करून उपयोग नाही. ठरावात कोणत्या पट्ट्यातील, कोणत्या महिन्याच्या आत, कोणत्या यंत्रणेने आणि कोणत्या खर्चातून हे तर यावेच. पण काढलेला ढीग कुठे टाकायचा हेही यावे, कारण काठावर टाकलेला ढीग पहिल्या पुरात पुन्हा पाण्यात येतो. शिवाय सगळीच हिरवळ खरवडायची नसते. जांभळ्या पाणकोंबड्या पाणवनस्पतींच्या याच दाटीत वावरतात, आणि यंत्र कोणत्या महिन्यात पाण्यात उतरावे हे पक्ष्यांचा विणीचा काळ पाहून ठरवावे लागते. गाळ काढण्याच्या मागणीचेही असेच आहे. साठा वाढावा असे शेतकऱ्याला वाटणे रास्त आहे. पण ज्या बेटांवर पक्षी बसतात ती गाळाचीच आहेत, त्यामुळे सरसकट होकार किंवा नकार न देता कोणता भाग काढता येईल, याची नकाशावर खूण करून न्यावी.

यानंतर गाव. मांजरगाव, खाणगाव थडी, करंजगाव, कोठुरे अशा काठच्या गावांत आपण ज्यांच्या वतीने बोलणार त्यांना बैठकीआधी भेटावे, आणि भेटीची सुरुवात सरपंचांच्या ओट्यावर नव्हे तर काठावर जाळी वाळवणाऱ्यांपासून करावी, कारण पंचायतीच्या तीन खुर्च्यांपर्यंत त्यांचा आवाज सहसा पोहोचत नाही. मासेमारीवरील निर्बंध त्यांच्या चुलीला भिडतात. तिथे नुसते कायद्याचे पाठ देऊ नयेत. मासे कमी झाले का, कधीपासून, कोणत्या जाती दिसेनाशा झाल्या, हे विचारून लिहून घ्यावे. देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक लहानसा मासा अतिसंकटग्रस्त जातींत मोडतो आणि रामसर नोंदीत या जागेच्या महत्त्वाच्या कारणांत त्याचा उल्लेख आहे. तो खरोखर पाहिला आहे का, हे सांगू शकणारे कोणी असेल, तर ते हेच लोक. गुराख्यांना चराईबद्दल आणि लसीकरणाबद्दल विचारावे: कलम ३३-अ नुसार गेल्या वर्षी आपल्या गावात शिबिर झाले होते का? उसातल्या बिबट्याचा आणि रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे रात्रीच भराव्या लागणाऱ्या पाण्याचा विषय बायका आधी काढतील. तो अभयारण्याचा विषय नाही असे म्हणून टाळू नये. दिवसा वीज मिळावी ही शिफारस समितीने करायला कोणतीच आडकाठी नाही. जे ठरेल त्याचा ठराव १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडून त्याची प्रत सोबत घ्यावी. गावाचा ठराव हातात असलेल्या प्रतिनिधीचे आणि नुसत्या प्रतिनिधीचे बोलणे वेगवेगळे ऐकले जाते.

लोकांना आधी न विचारल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले आणि पुढे कित्येक वर्षे मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. याउलट अमेरिकेत सागरी अभयारण्यांच्या सल्लागार परिषदांत मासेमारी, पर्यटन, शिक्षण अशा हितसंबंधांनुसार खुर्च्या असतात आणि बैठका लोकांसाठी खुल्या असतात. ह्यूरॉन सरोवरातील थंडर बे हे २००० मध्ये जाहीर झालेले गोड्या पाण्याचे क्षेत्रही याच पद्धतीने चालते. आपल्या कायद्यात अशा खुर्च्या नाहीत, पण कार्यपद्धती आपलीच आहे. मच्छीमारांचा एक, पाणी वापर संस्थांचा एक आणि गावातल्या गाइड मुलांचा एक, असे तीन कायम निमंत्रित सुचवायला काय हरकत आहे?

बैठकीच्या पिशवीत नेमणुकीच्या आदेशाची प्रत, मागील बैठकांची इतिवृत्ते, व्यवस्थापन आराखडा, ग्रामसभेचा ठराव, पातळीची वही आणि नकाशा असावा. इतिवृत्ते किंवा आराखडा मागूनही मिळाला नाही, तर दहा रुपये शुल्काचा माहिती अधिकाराचा अर्ज करावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची असल्याने तो बैठकीच्या आठवडाभर आधी करून भागत नाही. आपला मुद्दा तोंडी मांडला तरी शेवटी एका पानावर लिहून, सही करून सदस्य-सचिवांना द्यावा आणि पोच घ्यावी, कारण इतिवृत्तात एरवी ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढेच उरते. इतिवृत्त मराठीत आणि ठरावीक मुदतीत मिळावे, त्यात प्रत्येक शिफारशीपुढे कार्यवाहीचा रकाना असावा, आणि न मानलेल्या शिफारशीचे कारण त्या रकान्यात लिहावे, हे तीन मुद्दे पहिल्याच बैठकीत कार्यपद्धतीत घालून घ्यावेत. इतिवृत्त हाती आले, की त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि एक मच्छीमारांपैकी वाचता येणाऱ्या कोणाच्या तरी हातात द्यावी.