सांतियागोत पगार पेसोत, भाडं ऊएफेत

चिलीतल्या कंपनीचं नोकरीचं पत्र आलं की पगाराचा आकडा रुपयांत करून बघायची घाई नको. आधी त्यापुढे ‘ब्रूतो’ लिहिलंय की ‘लीकिदो’, ते बघा. ब्रूतो कागदावरचा, लीकिदो हातात पडणारा. मधल्यामध्ये १० टक्के पेन्शनला जातात (वर पेन्शन सांभाळणाऱ्या कंपनीचं कमिशन), ७ टक्के आरोग्याला, कायम करार असेल तर ०.६ टक्का बेकारी विम्याला. उरलं त्यावर आयकर. ‘ग्रातिफिकासियोन’ नावाची रक्कम, म्हणजे कंपनीच्या नफ्यातला वाटा, ब्रूतोत धरलीय की वेगळी, हेही ईमेलवर विचारून घ्या. फोनवरचं उत्तर नंतर कोणाला आठवत नाही.

तांत्रिक किंवा व्यावसायिक कामावर येणाऱ्या परदेशी माणसासाठी १८.१५६ क्रमांकाचा कायदा आहे. मायदेशी आजारपण, अपंगत्व, म्हातारपण आणि मृत्यू या चारही गोष्टी धरणाऱ्या योजनेत तुम्ही असाल, आणि करारात तसं कलम असेल, तर चिलीच्या पेन्शनची कपात टाळता येते. कंपनी आपणहून सांगेल या भरवशावर राहू नका.

करार न देता ‘बोलेता दे ओनोरारियोस’वर काम करा म्हणतात, तेव्हा सावध. म्हणजे तुम्ही नोकर नाही, बिल देणारे. २०२५ साली त्या बिलातून १४.५ टक्के कापले जात होते, २०२६ला १५.२५, आणि हा आकडा पुढेही वाढणार आहे. वर्षाला १५ कामाच्या दिवसांची भरपगारी रजा करारवाल्यांना असते, बिलवाल्यांना नाही. पर्यटक म्हणून उतरायचं आणि तिथेच कामाचा व्हिसा करून घ्यायचा, हा जुना मार्ग २०२२ला नवा स्थलांतर कायदा लागू झाल्यापासून जवळपास बंद आहे. अर्ज बाहेरूनच करा.

आता ज्याने बजेट बिघडतं ते. ऊएफे, म्हणजे ‘उनिदाद दे फोमेन्तो’. नोट नाही, नाणं नाही. महागाईशी जोडलेलं हिशेबाचं एकक, ज्याचा भाव रोज बदलतो. २०२५मध्ये एक ऊएफे ३८ ते ४० हजार पेसोंच्या दरम्यान होती. घरभाडं पुष्कळदा ऊएफेत ठरतं, खासगी आरोग्य विम्याचा, म्हणजे इसाप्रेचा, हप्ताही ऊएफेतच. पगार मात्र पेसोत. म्हणजे महागाई वाढली की भाडं आपोआप वाढतं आणि पगार जागच्या जागी. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: पगार महागाईनुसार कधी आणि किती वाढेल, ते करारात लिहून घ्या. पगार थोडा कमी असला तरी चालेल, ही ओळ हवी.

जाहिरातीतल्या भाड्यात ‘गास्तोस कोमुनेस’ धरलेले नसतात. हा इमारतीचा मेंटेनन्स. तो दर महिन्याला वेगळा येतो, आणि इमारतीत सेंट्रल हीटिंग असेल तर जून ते ऑगस्टचं, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातलं, बिल बघून डोळे पांढरे होतात. फ्लॅट बघायला जाल तेव्हा जुलैची पावती मागा. सध्याची दाखवतील, तुम्ही जुलैचीच मागा. हीटिंग नसलेल्या घरात पाराफिनाची, म्हणजे रॉकेलची, शेगडी लावतात. रॉकेल पेट्रोल पंपावर मिळतं. खिडकी किंचित उघडी ठेवायची, हे मात्र विसरायचं नाही.

घर घेताना पहिल्या महिन्याचं भाडं, एका महिन्याची अनामत आणि बहुधा अर्ध्या भाड्याइतकी दलाली अधिक १९ टक्के कर, एवढं एकदम हातात लागतं. शिवाय घरमालक स्थानिक जामीनदार मागतो. नवख्या माणसाने तो आणायचा कुठून? कंपनीलाच जामीन राहायला सांगा. नोकरी स्वीकारण्याआधी, नंतर नाही. तुमचा रूत क्रमांक, म्हणजे तिथला ओळख आणि कर क्रमांक, येईपर्यंत बँक, मोबाइल प्लॅन, भाडेकरार सगळंच अडतं, तेव्हा तोवरचे पैसे वेगळे ठेवा.

राहायला सांतियागोतला लास कोन्देस हा भाग पॉश आणि महाग. मी न्युन्योआ सुचवेन: मेट्रो आहे, झाडं आहेत, आणि आठवड्याचा बाजार चालत जाण्याच्या अंतरावर. या बाजाराला ‘फेरिया’ म्हणतात. भाजी-फळं सुपरमार्केटातून घेऊच नका. दुपारी आवराआवर सुरू झाली की विक्रेते भाव पाडतात. मसूर आणि छोले कुठेही मिळतात, तुरीसाठी शोधाशोध आहे.

बसमध्ये रोख चालत नाही, ‘बिप’ हे प्रवासाचं कार्ड घ्या. मेट्रोचं तिकीट वेळेनुसार बदलतं, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत सगळ्यात महाग. कामाची वेळ पुढेमागे करता येत असेल तर मुलाखतीतच विचारून ठेवा.