जुनी गाडी विकताना चावी शेवटी द्या, आधी नाव बदलायला टाका

माझी स्प्लेंडर प्लस 2009 ची, टाकीवर अजून हिरो होंडाच लिहिलेलं. वावरातून कापसाची गाठोडी तिच्यावर आणली, बाबांना मध्यरात्री यवतमाळला दवाखान्यात तिच्यावरच नेलं, पोरगी पहिल्यांदा शाळेत गेली ती टाकीवर बसून. मागच्या दिवाळीनंतर विकली. विकायच्या आधी महिनाभर जे जे केलं ते इथं लिहितो, कारण आमच्याकडे जुनी गाडी विकायची म्हणजे टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावर, सही मारायची, पैसे मोजायचे आणि चावी द्यायची एवढंच लोकांना माहीत आहे, आणि त्यातच सगळा घात होतो.

तो घात आमच्या घरानं भोगलाय. बाबांनी आधीची गाडी अशीच कोऱ्या टीटी फॉर्मवर सही करून दिली होती. घेणाऱ्यानं नावावर केलीच नाही, पुढं तिसऱ्याला विकली, त्यानं कोणाला तरी धडक दिली आणि चार वर्षांनी कोर्टाची नोटीस आमच्या दारात. बाबांना त्या माणसाचं नावही आठवत नव्हतं. कायदा असा आहे की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये एका अपघाताच्या खटल्यात हेच सांगितलं, गाडी मधे कितीही हात फिरली असली तरी भरपाईची जबाबदारी नोंदणी असलेल्या मालकावर येते. म्हणून राजेहो, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, समोरचा सोयरा असला तरी नाही.

आता सुरुवातीपासून. गाडी कधी काढायची हे आपल्याकडे कापूस सोयाबीन ठरवते. जून जुलैमध्ये सगळ्यांचा पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो, तेव्हा विकायला काढली तर भाव पाडूनच मागतात. सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला वेचा विकला की लोकांच्या हातात रोकड येते, मी तेव्हाच काढली.

पण त्याच्या महिनाभर आधी कागद बाहेर काढा. आरसी, चालू विमा, पीयूसी, दोन्ही चाव्या. गाडी फायनान्सवर घेतली असेल तर हप्ते कधीचेच फिटले तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असते, बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, आणि फॉर्म 35 देऊन ते आधी काढून घ्या. गाडीला 15 वर्षं झाली असतील तर नोंदणीची मुदत संपलेली असते, फॉर्म 25 भरून, गाडी आरटीओत दाखवून, पर्यावरण कर भरून पुढची 5 वर्षं मिळतात. माझी 2024 मध्ये संपली होती, ती मी तेव्हाच वाढवून घेतली, नाहीतर विकायच्या वेळी दोन महिने गाडी अंगणातच उभी राहिली असती. ऑनलाइन दंड, म्हणजे ई-चलान, नंबर टाकून पाहून घ्या आणि भरून टाका, नागपूरला एकदा सिग्नलवर फोटो निघालेला आपल्याला माहीतही नसतो. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर ती नवीन एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्या, तिच्याशिवाय आरटीओ नाव बदलायचं काम अडवते. आणि एक गोष्ट हमखास विसरते, आरसीला जोडलेला मोबाइल नंबर. ओटीपी त्याच्यावरच जातो, जुनं सिम बंद पडलं असेल तर आधी नंबर बदला.

मग गाडीची तयारी. धुवा, चिखलाचे थर काढा, पण रंग मारू नका. नवा रंग दिसला की माणूस विचारतो काय लपवलं. क्लच वायर, ब्रेक शू, इंडिकेटर, हॉर्न, सीट कव्हर असलं किरकोळ काम करून घ्या, दोन हजाराच्या आत होते आणि गाडी हातात घेतल्या घेतल्या बरी वाटते. हाफ इंजिनचं, म्हणजे पिस्टन-सिलेंडर खोलायचं काम विकण्यासाठी म्हणून करू नका, तेवढा खर्च किंमतीत परत येत नाही. चेन स्प्रॉकेट वाजत असेल तर तुमच्या सवडीनं ठरवा, मी नाही बदललं, तेवढे पैसे कमी केले.

दोष लपवायचे नाहीत, हे मला मनापासून सांगायचंय. मी एका वहीच्या पानावर लिहूनच ठेवलं: पुढच्या शॉकअपची ऑइल सील झिरपते, थंडीत चोक दिल्याशिवाय सुरू होत नाही, मीटर एकदा पूर्ण फिरून शून्यावर आलाय. पाहायला येणाऱ्याला सकाळी बोलावलं, इंजिन थंड असताना. आधी सुरू करून गरम ठेवलेली गाडी जाणकार सायलेन्सरला हात लावूनच ओळखतो. सकाळी थोडी पांढरी वाफ निघते ती पाण्याची, दोन मिनिटांत जाते. निळा धूर निघत राहिला तर ऑइल जळते, तसं असेल तर आपणच सांगावं. एक दादा माझं पान वाचून म्हणाले, "भाऊ, एवढं तर मले कोनी सांगत नाई." त्यांनीच घेतली.

गिऱ्हाईक कुठून आणायचं? मी आधी आमच्या मिस्त्रीला सांगितलं. त्यानं गाडी वर्षानुवर्षं खोललेली असते आणि कोणाला कशी गाडी पाहिजे हे त्याला माहीत असते. नंतर गावाच्या ग्रुपवर आणि बाजाराच्या दिवशी टपरीवर. डीलरला दिली तर भाव कमी येते पण तो ऑथोराइज्ड असेल तर फॉर्म 29सी भरून गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद लगेच होते, घाई असेल तर वाईट नाही. मोबाइलवरून भाव करणारा, गाडी न पाहताच "क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील" म्हणाला की फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. स्क्रीनशॉटवरही जाऊ नका, बँकेच्या खात्यात जमा दिसले तरच जमा.

चालवून पाहायला देताना लायसन पाहा आणि तो ज्या गाडीवर आला ती अंगणात राहू द्या. भाव करताना किती वर्षं सांभाळली याचे पैसे कोणी देत नाही हे मनाशी धरून बसा. मी 24 हजार सांगितले, 21 ला दिली.

सौदा जमला की इसार घ्या, बाकीचे पैसे आरटीओचं काम लागेल त्या दिवशी. फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30, हेच ते टीटी फॉर्म, दोन्ही पूर्ण भरूनच सही, चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट, त्याचे आणि तुमचे ओळखीचे कागद. आपल्या झेरॉक्सवर आडवं लिहा की फक्त या नंबरच्या गाडीच्या विक्रीसाठी, खाली तारीख. विक्रीचा कागद करा, त्यात गाडी दिली ती तारीख आणि वेळसुद्धा, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. गाडी राज्यातच विकली तर 14 दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी आपली, विकत घेणाऱ्याला 30 दिवस. विम्यासाठी त्यानं 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा. आमच्या पांढरकवड्याकडे आदिलाबादचे गिऱ्हाईक पण येतात, तसं असेल तर दुसऱ्या राज्यासाठी फॉर्म 28 ची एनओसी आधी काढा, कळवायची मुदत तिथं 45 दिवसांची आहे, पण ती एनओसी हातात आल्याशिवाय गाडी पैनगंगेपलीकडे जाऊ देऊ नका.

मी त्या दादांसोबत स्वतः यवतमाळला गेलो, एजंटच्या भरवशावर नाही सोडलं. पावती दोघांनी ठेवली. चावी देताना डिक्कीतला पान्ह्यांचा संच, बाबांचा पंचा आणि देवीचा फोटो काढून घेतला, पान्हे परत त्यांनाच दिले, गाडीचेच होते ते. चोक किती ओढायचा हे त्यांच्या हातानं दोनदा करून दाखवलं. मग दर चार दिवसांनी परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून पाहत राहिलो, आणि तिथं मालकाच्या जागी त्यांच्या नावाची अक्षरं आली तेव्हा फोन करून सांगितलं, "दादा, आता तुमची झाली." ते म्हणाले, "पहाटंच पाणी द्यायला नेली वावरात, एका किकमध्ये सुरू झाली."