हार्ड डिस्क असलेला डीव्हीडी रेकॉर्डर: निवड आणि वापर

हार्ड डिस्क असलेल्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये दोन निराळ्या स्वभावांची साठवण एकत्र नांदत असते. हार्ड डिस्कवर लिहिता येते, पुसता येते, मधलाच भाग काढून टाकता येतो आणि हे सारे कितीही वेळा करता येते. एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर मात्र जे उमटले ते कायमचे. म्हणून हार्ड डिस्क हा कामाचा ओटा समजावा आणि डीव्हीडी हे कपाट समजावे. ओट्यावर चिरायचे, निवडायचे आणि जे ठेवण्याजोगे असेल तेवढेच कपाटात जायचे. हे बहुतेकांना लगेच पटते. उशिरा लक्षात येते ते वेगळेच: कपाटात जाणारी डिस्क चांगली निघणार की वाईट, हे डिस्क घालतेवेळी नव्हे, तर हार्ड डिस्कवर रेकॉर्डिंग सुरू करतेवेळीच ठरून गेलेले असते.

त्यामागचे गणित सोपे आहे. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात आणि दोन थरांच्या डिस्कवर ८.५ जीबी. रेकॉर्डरमधील एक्सपी, एसपी, एलपी आणि ईपी या पद्धती म्हणजे एका थराच्या डिस्कवर अनुक्रमे एक तास, दोन तास, चार तास आणि सहा किंवा आठ तास बसवण्याचे प्रकार होत. एसपीमध्ये चित्र आणि आवाज मिळून दर सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वाट्याला येतात, एलपीमध्ये त्याच्या निम्मे आणि सहा तासांच्या ईपीमध्ये दोनपेक्षाही कमी. एलपीमध्ये बहुतेक यंत्रे चित्राची रुंदी ७२० बिंदूंवरून ३५२ पर्यंत खाली आणतात, त्यामुळे बारीक अक्षरे आणि दूरचे चेहरे पुसट होतात. ईपीमध्ये खेळाचे सामने किंवा नृत्य रेकॉर्ड केले, तर वेगवान हालचालीत चौकोनी ठिपके उठतात. बातम्या किंवा मुलाखत यांसाठी एलपी चालते. जपून ठेवायचे असेल, तर एसपीच्या खाली जाऊ नये. पुष्कळ यंत्रांत यांच्या अधेमधे वेळ ठरवण्याचीही सोय असते. दोन तास दहा मिनिटांचा कार्यक्रम एका डिस्कवर नेमका बसवायचा असेल, तर तीच वापरावी.

आता हार्ड डिस्कवरून डीव्हीडीवर नेण्याकडे वळू. रेकॉर्डरच्या भाषेत याला डबिंग म्हणतात आणि ते दोन प्रकारे होते. जलद डबिंगमध्ये हार्ड डिस्कवरील माहिती आहे तशी डिस्कवर उतरते. दर्जा तसूभरही घटत नाही आणि ८ पट वेगाने पूर्ण डिस्क साधारण दहा मिनिटांत तयार होते. दुसऱ्या प्रकारात यंत्र तो कार्यक्रम स्वतःच वाजवते आणि नव्याने आकुंचित करून लिहिते. म्हणजे दोन तासांच्या कार्यक्रमाला दोन तास लागतात आणि चित्र एका पायरीने खाली येते. जलद डबिंग हवे असेल, तर मूळ रेकॉर्डिंग डिस्कवर मावेल अशाच पद्धतीने केलेले असावे लागते. मी पहिले यंत्र घेतले तेव्हा हार्ड डिस्कवर जागा मुबलक होती, म्हणून हौसेने सगळे एक्सपीमध्ये रेकॉर्ड केले. नंतर अडीच तासांचा एकेक कार्यक्रम डिस्कवर बसवताना प्रत्येक वेळी नव्याने आकुंचित करावा लागला आणि एक्सपीचा सगळा फायदा वाटेतच संपला. काही यंत्रांच्या मेनूमध्ये ‘जलद कॉपीसाठी रेकॉर्डिंग’ किंवा ‘व्हिडिओ मोड’ अशा अर्थाची एक निवड असते. ती चालू नसेल, तर डीव्हीडी-आर या एकदाच लिहिता येणाऱ्या साध्या डिस्कवर जलद डबिंगच होत नाही, आणि हे रेकॉर्डिंग झाल्यावर बदलता येत नाही. यंत्र घरी आणल्यावर सर्वांत आधी ही निवड शोधावी. ती चालू ठेवल्यास दुभाषी कार्यक्रमाची एकच भाषा रेकॉर्ड होते आणि एकाच रेकॉर्डिंगच्या मध्यावर ४:३ आणि १६:९ अशी चौकट बदलत असेल, तर तो बदल नीट टिकत नाही. एवढी किंमत मोजण्यासारखी आहे.

नवी यंत्रे आता क्वचितच मिळतात, त्यामुळे निवड बहुधा वापरलेल्या यंत्रांतूनच करावी लागते. जाहिरातीत हार्ड डिस्कचा आकार सर्वांत ठळक लिहिलेला असतो, पण त्याला फार महत्त्व देऊ नये. १६० जीबीच्या डिस्कवर एसपीमध्ये सुमारे ६५ तास मावतात आणि ओटा म्हणून तेवढे पुरेसे आहेत; जाहिरातीतील शेकडो तासांचा आकडा सर्वांत हलक्या पद्धतीचा असतो. पाहायचे ते वेगळे. पहिली गोष्ट म्हणजे रिमोट. डबिंग, संपादन, मेनू, लिहून झालेली डिस्क इतर प्लेअरसाठी तयार करणे ही जवळजवळ सर्व कामे रिमोटवरूनच होतात, यंत्रावरच्या चार बटनांनी नव्हे, आणि सार्वत्रिक रिमोटवर ती खास बटने नसतात. मूळ रिमोट नसलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे लेझर. जुन्या यंत्राचा लेझर क्षीण झाला, तरी तो तयार डिस्क बिनबोभाट वाजवतो. लिहिण्यासाठी जास्त शक्ती लागते, म्हणून तिथे मात्र तो अडखळतो. विकणारा एखादी डिस्क वाजवून दाखवील. त्यावर समाधान न मानता कोरी डिस्क सोबत न्यावी, दहा मिनिटे काहीही रेकॉर्ड करावे, ते डिस्कवर उतरवावे आणि ती डिस्क दुसऱ्या प्लेअरमध्ये लावून पाहावी. याच वेळी हार्ड डिस्कचा आवाज कान देऊन ऐकावा. संथ घरघर ठीक आहे. ठरावीक अंतराने टक-टक ऐकू येत असेल, तर ती डिस्क फार दिवसांची सोबती नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मागच्या बाजूच्या जोडण्या. पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिनांची जोडणी सर्वच यंत्रांत असते, पण एस-व्हिडिओची गोल जोडणी असेल, तर ती अधिक चांगली, कारण तिच्यात उजेडाची आणि रंगाची माहिती स्वतंत्र तारांवरून येते. डिजिटल टेपवर चित्रीकरण करणारा जुना कॅमेरा घरात असेल, तर समोरच्या झाकणामागे डीव्ही इनपुट आहे का तेही पाहावे. एचडीएमआय फक्त बाहेर जाण्यासाठी असते. तिच्यामुळे टीव्हीवर चित्र मोठे होऊन नीटनेटके दिसते. रेकॉर्डिंग मात्र साध्याच दर्जाचे राहते. यंत्रातील ट्यूनर ॲनालॉग असेल आणि आपल्या भागातले ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालेले असेल, तर त्याचा उपयोग शून्य धरावा आणि सेट टॉप बॉक्समधून तारेने चित्र घ्यावे.

अशा जोडणीत टायमर लावताना एक घोटाळा हमखास होतो. रेकॉर्डर ठरल्या वेळी जागा होतो, पण सेट टॉप बॉक्स झोपलेला किंवा दुसऱ्याच वाहिनीवर असतो, आणि सकाळी हार्ड डिस्कवर दोन तासांचा काळा पडदा सापडतो. टायमर दोन्हीकडे लावावा लागतो: बॉक्सला योग्य वाहिनीवर येण्यासाठी आणि रेकॉर्डरला योग्य इनपुटवर रेकॉर्ड करण्यासाठी. सुरुवातीला पाच आणि शेवटी दहा मिनिटे जास्त धरावीत. जादा भाग हार्ड डिस्कवरून कापता येतो, न रेकॉर्ड झालेला शेवट मात्र कुठून आणणार? रेकॉर्डिंग चालू असतानाच कार्यक्रम सुरुवातीपासून पाहता येणे, ही या यंत्रांची खरी चैन आहे. वीस मिनिटे उशिरा बसावे आणि जाहिराती ओलांडत शेवटी थेट प्रक्षेपण गाठावे. साध्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये हे डीव्हीडी-रॅम या पुनःपुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कखेरीज सहसा होत नाही.

आज मात्र बहुतेक लोक हे यंत्र घेतात ते जुन्या व्हीएचएस कॅसेट उतरवण्यासाठी, आणि या कामाला ते खरोखर योग्य आहे. व्हीएचएसचे चित्र आडवे मोजले तर सुमारे २४० रेषांचेच असते, त्यामुळे एक्सपीची गरज नाही असे वाटते. परंतु जुन्या टेपवर मुंग्यांसारखी जी वळवळ दिसते ती यंत्राला हालचालच वाटते आणि तीही जपण्यात वाट्याला आलेले बरेच मेगाबिट हकनाक खर्च होतात. म्हणून कॅसेटसाठी एसपी हाच मध्यममार्ग उत्तम. कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणावी, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. व्हीसीआरचे हेड स्वच्छ करावे. आणि मग संपूर्ण कॅसेट न थांबता हार्ड डिस्कवर घ्यावी. कापाकापी नंतर. टेप जिथे खराब आहे तिथे संकेत तुटतो आणि काही यंत्रे तिथे रेकॉर्डिंग थांबवतात किंवा निळा पडदा नोंदवतात, म्हणून पहिल्या कॅसेटच्या वेळी जवळ बसून राहावे. बाजारात विकल्या गेलेल्या चित्रपटांच्या पुष्कळ कॅसेटवर कॉपी रोखणारा संकेत असतो आणि रेकॉर्डर त्या नाकारतो. तो यंत्राचा दोष नव्हे. तसेच फक्त एकदाच कॉपीची मुभा असलेले डिजिटल प्रक्षेपण उतरवायचे असेल, तर सीपीआरएम (कॉपीवर नियंत्रण ठेवणारी व्यवस्था) असे छापलेली डिस्क लागते, आणि ती व्हीआर (व्हिडिओ रेकॉर्डिंग) या निराळ्या पद्धतीने लिहिली जात असल्याने प्रत्येक प्लेअरमध्ये चालतेच असे नाही.

संपादनात फार बारकावा अपेक्षू नये. डीव्हीडीवर चित्र आकुंचित करण्याच्या एमपीईजी-२ पद्धतीत पूर्ण चित्र दर अर्ध्या सेकंदाला साधारण एकदाच असते आणि मधली चित्रे केवळ फरक सांगतात. त्यामुळे जलद डबिंगसाठी केलेला काप अर्ध्या सेकंदाने मागेपुढे सरकू शकतो. संवादाच्या ऐन तोंडावर न कापता क्षणभर आधी कापावे. भाग कायमचा पुसण्यापूर्वी, यंत्रात प्लेलिस्ट असेल तर तिच्यात जुळणी करून पाहावी, कारण प्लेलिस्टमध्ये मूळ रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही. कार्यक्रमांची नावे आणि प्रकरणांच्या खुणाही याच वेळी घालाव्यात. रिमोटवरून अक्षरे निवडत नाव लिहिणे कंटाळवाणे आहे खरे, पण तारखेखेरीज काहीच न लिहिलेल्या वीस डिस्क चार वर्षांनी पुढ्यात आल्या की तो कंटाळा महाग पडतो.

डिस्कचे प्रकार गोंधळात टाकतात, पण घरगुती कामाला दोनच पुरतात. जपून ठेवायचे असेल ते डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी+आर वर लिहावे. तात्पुरते पाहायचे असेल ते आरडब्ल्यूवर, जी सुमारे हजार वेळा पुसून लिहिता येते. डीव्हीडी-रॅम तांत्रिकदृष्ट्या सर्वांत टिकाऊ असून लाखभर वेळा लिहिता येते, परंतु ती वाजवणारे प्लेअर थोडेच आहेत. डिस्क लिहून झाल्यावर ती फायनलाइझ करावी लागते, म्हणजे तिची अनुक्रमणिका बंद करून मेनू लिहावा लागतो. त्यावाचून ती दुसऱ्या प्लेअरला बहुधा कोरी किंवा सदोष वाटते. यासाठी काही मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात वीज गेली किंवा प्लग निघाला, तर डिस्क बहुतेक वाया जाते. वीज बेभरवशाची असेल, तर यंत्राला यूपीएस द्यावा. रेकॉर्डिंगच्या मध्येच वीज गेल्यास हार्ड डिस्कवरील चालू रेकॉर्डिंगही सहसा हाती लागत नाही.

लिहिलेली डिस्क उजेडात तिरकी धरली, तर मधल्या छिद्रापासून बाहेर एक किंचित गडद कडे दिसते. तेवढा भाग जळला, म्हणजे तेवढाच भरला. हे कडे बाहेरच्या कडेच्या अगदी टोकापर्यंत जात असेल, तर जरा जपून, कारण बोटांचे ठसे, ओरखडे आणि हलक्या डिस्कमधील दोष यांचा त्रास त्या टोकालाच आधी होतो. शक्य असेल तिथे डिस्क पूर्ण न भरता दहा मिनिटे मोकळी ठेवावीत. वरच्या बाजूस कागदी लेबल चिकटवू नये, कारण ते एका अंगाला उचलले गेले, की फिरताना डिस्क डगमगते. मऊ टोकाच्या पेनने लिहावे आणि डिस्क उन्हापासून दूर, उभी ठेवावी.

हार्ड डिस्कवर मात्र भरवसा ठेवून बसू नये. यंत्र बिघडले, तर ती काढून संगणकाला लावावी म्हटले, तरी बहुतेक यंत्रांतील मांडणी संगणकाला ओळखता येत नाही आणि काहींत ती त्याच यंत्राशी बांधलेली असते. म्हणून रेकॉर्डिंग आठवड्याच्या आत डिस्कवर उतरवावे, यंत्राच्या मागे आणि वर हवेला बोटभर जागा ठेवावी, आणि महत्त्वाच्या कॅसेटच्या दोन प्रती दोन निराळ्या बनावटींच्या डिस्कवर घ्याव्यात. प्रत तयार झाली, की ती दुसऱ्या प्लेअरमध्ये लावावी, सुरुवात, मध्य आणि शेवटची पाच मिनिटे पाहावीत, आणि मगच हार्ड डिस्कवरील मूळ रेकॉर्डिंग पुसावे.