विकास आराखड्याच्या सुनावणीत हवाई चित्र कसे वापरावे

प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आहे, तुमच्या गटावर बगिचा नाहीतर १२ मीटरचा रस्ता पडला आहे आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली हरकत द्यायची आहे, असे धरून चालू. सातबारा, मोजणीची क-प्रत (मोजणीनंतर भूमी अभिलेख खात्याकडून मिळणारा हद्दीचा नकाशा) आणि आराखड्याचा त्या भागाचा नकाशा हाताशी असेलच. ‘गूगलच्या उपग्रह-चित्राचा स्क्रीनशॉट काढून जोडून द्या’ असे सांगणारे दहा जण भेटतील. पण तसा स्क्रीनशॉट पुढे ठेवला की नगररचनाकार एकच विचारतो: यात तुमची हद्द कुठली आणि कशावरून? त्याला उत्तर नसेल तर चित्र घरीच ठेवलेले बरे.

तारीख आधी, चित्र नंतर

सर्वांत ताजे चित्र सर्वांत चांगले असे नाही. आराखडा ज्यावर उभा असतो तो विद्यमान जमीन वापर नकाशा कलम २५ खालच्या सर्वेक्षणातून येतो. ‘सर्वेक्षणाच्या वेळी इथे घरे होती, तुम्ही मोकळी जागा दाखवली’ असे म्हणायचे असेल तर त्या सर्वेक्षणाच्या लगेच आधीचे चित्र लागते. नंतरचे चित्र अंगाशी येते, कारण आरक्षण कळल्यावर बांधकाम उभे केले असे म्हणायला वाव मिळतो.

जुनी चित्रे संगणकावरच्या गूगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाच्या चिन्हाखाली फुकट मिळतात. तारीख खालच्या पट्टीत दिसते, पण ती जागेनुसार बदलते. एकाच पडद्यावर डावी बाजू एका वर्षाची आणि उजवी दुसऱ्या वर्षाची असू शकते. म्हणून पुरेसे जवळ जाऊन आपल्या गटावरच तारीख वाचा. एस्री या नकाशा-कंपनीच्या वेबॅक या संकेतस्थळावर २०१४ पासूनच्या आवृत्त्या आहेत. तिथे यादीत दिसते ती चित्र प्रकाशित झाल्याची तारीख असते. चित्र कधी टिपले ते नकाशावर क्लिक केल्यावर कळते. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्राचा पिक्सेल (चित्रातला एक ठिपका) १० मीटरचा आणि लँडसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा. त्यावर घर दाखवायला जाऊ नका. तळे बुजवले, टेकडी फोडली असले मोठे बदल मात्र त्यात दिसतात.

नाला किंवा पूररेषेचा वाद असेल तर मे महिन्यातले कोरडे चित्र काहीच सिद्ध करत नाही. निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा पुराच्या पाण्याचा हिशोब करून ठरतात, फोटो पाहून नव्हे.

हद्द चित्रावर बसवणे: इथेच सगळे फसते

गूगल अर्थमध्ये गटाचा नकाशा आच्छादन म्हणून टाकायचा आणि बांध जुळेपर्यंत कोपरे ओढत राहायचे, ही सर्रास चालणारी पद्धत सोडून द्या. बांध सरकलेले असतात, शेजाऱ्याने कोरलेले असतात. ज्या बांधाबद्दल वाद आहे त्यालाच नकाशा चिकटवून तोच पुरावा म्हणून दाखवणे म्हणजे उत्तर आधी लिहून गणित मांडणे झाले.

काम क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करा. नकाशा सपाट स्कॅनरवर स्कॅन करून घ्या. मोबाइलने काढलेल्या फोटोत कडा वाकतात आणि तो बाक पुढे नीट करणे अवघड जाते. प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) यूटीएम ठेवा. राज्याचा बहुतेक भाग झोन ४३ मध्ये येतो (सॉफ्टवेअरमध्ये निवडायचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३), पण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर-चंद्रपूरकडे, ३२६४४ घ्यावा लागतो.

जुळवणीचे बिंदू, म्हणजे नकाशा आणि चित्र दोन्हींत ओळखू येणाऱ्या जागा, आपल्या गटाबाहेर, चारी दिशांना पसरलेले आणि जमिनीलगतचे निवडा: जुनी बांधीव विहीर, रेल्वेचा किंवा कालव्याचा पूल, नकाशात दाखवलेले देऊळ, सापडला तर सर्व्हेचा दगड. झाड नको, नाल्याचे वळण नको, कारण नाला पात्र बदलतो. उंच इमारतीची गच्ची तर अजिबात नको. उपग्रह तिरका पाहत असेल तर गच्ची पायापासून काही मीटर बाजूला पडलेली दिसते. देवळाचाही शिखराऐवजी पाया धरा.

किमान सहा बिंदू घ्या आणि आणखी दोन जुळवणीत न वापरता तपासणीसाठी राखून ठेवा. पद्धत हेल्मर्ट निवडा: ती नकाशा फिरवते, सरकवते, लहानमोठा करते, पण पिळत नाही. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ने चूक शून्य दिसते म्हणून तीच वापरा असा सल्ला सगळीकडे मिळतो. ती पद्धत प्रत्येक बिंदूवर नकाशा ताणून बसवते, म्हणून तिथे शून्यच येणार. मधल्या जागेत तुमची हद्द कुठे गेली ते कळतच नाही. खरी चूक राखून ठेवलेल्या दोन बिंदूंवर मोजा. तक्त्यात आकडा पिक्सेलचा आहे की मीटरचा, तेही बघा.

चूक पाच-सात मीटर आली तर लपवू नका, चित्रावर लिहा. १:७९२० प्रमाणाच्या गावनकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ आठ मीटर. रेघेच्या जाडीतच काही मीटर जातात. १२ मीटरच्या रस्त्याबाबत सहा मीटरची चूक म्हणजे अर्धा रस्ता. अशा वेळी हवाई चित्रावर भिस्त न ठेवता भूमी अभिलेखची मोजणी करून घ्या. तुमचे म्हणणे आख्ख्या वस्तीबद्दल असेल तर मात्र सहा मीटर चालून जातात.

शेवटची तपासणी: वेगवेगळ्या वर्षांची चित्रे एकमेकांच्या तुलनेत सरकलेली असतात. एक पक्की खूण, उदाहरणार्थ विहीर, प्रत्येक चित्रात कुठे पडते ते पाहा. नाहीतर ‘शेजाऱ्याने अतिक्रमण केले’ असे दाखवाल आणि प्रत्यक्षात चित्रच चार मीटर सरकलेले निघेल.

ड्रोन उडवायचा असेल तर ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर आपली जागा कोणत्या झोनमध्ये येते ते पाहा. जमिनीवर मोजलेले नियंत्रणबिंदू (नेमके स्थान माहीत असलेल्या खुणा) घेतले नाहीत तर पिक्सेल तीन सेंटीमीटरचा आणि चूक तीन मीटरची अशी गत होते.

कागद

लॅपटॉप नेऊ नका. ए-३ आकाराचे तीन रंगीत कागद पुरतात: आजूबाजूच्या परिसरासह जागा, त्यावर आराखड्याचे आरक्षण, आणि आधीचे-नंतरचे चित्र एकाच प्रमाणात. प्रत्येकावर चित्राची तारीख, स्रोत, उत्तर दिशा, प्रमाणपट्टी आणि मोजलेली चूक. गूगलची खालची श्रेयओळ कापू नका. गूगल अर्थमधून चित्र जतन करण्याआधी ‘आर’ कळ दाबा. तिरका कोन जाऊन चित्र सरळ वरून, उत्तर वर असे होते. हद्दीची रेघ बारीक ठेवा. जाड लाल पट्ट्याखाली नेमका वादाचा भाग झाकला जातो.

चित्र बांधकाम होते एवढेच सांगते. परवानगी होती हे सांगत नाही. परवानगी नसेल तर आपणच अनधिकृत बांधकामाचा पुरावा आवक करून देतो, हे लक्षात घेऊन ते जोडायचे की नाही ते ठरवा.

कागद लेखी हरकतीबरोबरच, जाहीर सूचनेतल्या मुदतीत दाखल करा आणि प्रत्येक पानाचा उल्लेख असलेली पोच घ्या. कलम २८ खालच्या नियोजन समितीपुढे बोलायला काही मिनिटेच मिळतात. नंतर अहवाल लिहिताना समोर असते ती फाइल. मूळ डिजिटल फाइल व्हॉट्सॲपवरून फिरवू नका, चित्र दबते. ती जशीच्या तशी, हॅश (फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-क्रमांक) काढून जपून ठेवा. सुनावणीत लागणार नाही, पण प्रकरण कोर्टात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो हॅश द्यावा लागतो.