अर्बन फँटसी लिहायची तर भुताआधी नायकाची नोकरी ठरवा

अर्बन फँटसी म्हणजे खऱ्या शहरात घडणारी भुताखेतांची, चमत्कारांची गोष्ट. तिच्या नायकाची नोकरी अशी निवडा की ती करणारा माणूस रोज दिसतो, पण त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. पुणं घेऊ, आणि नायक पाणीपुरवठ्यातला चावीवाला. पहाटे येतो, रस्त्यावरचं झाकण उचलतो, लांब लोखंडी चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवतो, पुढच्या गल्लीत जातो. त्याला कुठलीही सिद्धी देऊ नका. किती आटे फिरवले की गल्लीच्या टोकाला पाणी चढतं, हे त्याच्या हाताला कळतं, तेवढं पुरे.

मग जमिनीखालचं शहर शोधा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं गेलं; त्या नळावरचे उच्छ्वास, म्हणजे हवा जायला बांधलेले मनोरे, आणि पेठांतले हौद म्हणजे तयार दरवाजेच. ते पाणी नुसत्या उतारावर चालायचं, आजचं नळाचं पाणी दाबानं येतं. यातूनच पहिला नियम काढा: गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, उताराच्या पाण्यात मोकळा फिरतो, दाबाच्या पाइपात कोंडला जातो. असे नियम तीनच ठेवा. प्रत्येक नियम वापरला की नायकाचं काहीतरी जायला हवं: झोप, पगार, घरातल्यांचा विश्वास.

भुतं मोजकी घ्या. गिऱ्ह्यासोबत फार तर पिंपळावरचा मुंजा. मुंजा म्हणजे सोडमुंजीआधी गेलेला पोर, त्याच्या तोंडी जड संस्कृत शोभत नाही. त्याला गोट्या हव्या असतात.

साठ-सत्तर हजार शब्दांच्या कादंबरीत पहिली विचित्र गोष्ट पहिल्या दीड हजार शब्दांत यावी, आणि ती लहान असावी: पाणी सोडलेलं नाही, तरी कोरडा हौद काठोकाठ भरलाय. पानशेतचा पूर (12 जुलै 1961) आणणार असाल तर पाणी कुठल्या वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढलं, ते जुन्या रहिवाशांना विचारून घ्या. पुणेकर वाचक चूक नेमकी तिथेच पकडतो.

सगळ्यात जास्त कादंबऱ्या मध्यावर बुडतात, कारण नायक अचानक कुठल्याशा मांत्रिकाचा वंशज निघतो. शेवट सुचलेला नसतो, म्हणून लेखक ही पळवाट काढतो. त्यामुळे शेवटचा प्रसंग आधी लिहा, आणि तो नायकाच्या कामातूनच सुटू द्या. व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला तर पाण्याचा दणका बसून पाइप फुटू शकतो. फुटला तर गिऱ्हा सुटला. म्हणजे चावी सावकाश फिरवायची, मनात आटे मोजायचे, आणि मागून गिऱ्हा आईच्या आवाजात हाक मारत असताना आकडा चुकू द्यायचा नाही. या प्रसंगाला तीन-चार हजार शब्द द्या. तळहाताला लागलेला गंज, झाकणाखालचा चिखलाचा वास, चावीचा किरकिराट, सगळं येऊ द्या.

नंतर सत्कार नको. सकाळी नळाला पाणी येतं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू धार बारीक आहे म्हणून त्याला खिडकीतून हाक मारतात.